कोळशावरची लॉरी : सहा सिलिंडरच्या एका हेडवरून वऱ्हाडाचा मोटार-इतिहास



समोर टेबलावर कापडाखाली जे झाकून ठेवलंय, ते ओतीव लोखंडाचं आहे. दोघांनी मिळून उचलून आणलं, आणि टेबल आयोजकांचं असल्यामुळे आम्ही सकाळपासून जरा धास्तीतच आहोत. एका जुन्या शेव्हरोलेट लॉरीच्या इंजिनाचं हे सिलिंडर हेड. आज याच्यावरच बोलायचं आहे. मोटारींचा इतिहास म्हटल्यावर संस्थानिकांच्या रोल्स रॉइसचे फोटो बघायला मिळतील, असं कुणाला वाटलं असेल तर त्यांची आधीच माफी मागतो. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात मोटारीने कापूस वाहिला, माणसं वाहिली, टपाल वाहिलं. त्या गाड्यांचे फोटो काढायला कुणाला सवड नव्हती. मागे राहिलं ते लोखंड. म्हणून आज आपण लोखंड वाचणार आहोत.

हे इंजिन आम्हाला दारव्ह्याकडच्या एका गावात मिळालं. लॉरीची चाकं केव्हाच बैलगाडीला गेली होती, चेसिसच्या लोखंडाचे कोठ्याला खांब झाले होते, आणि इंजिन विहिरीवर पट्ट्याने पंप ओढत होतं. पुढे वीज आली, मोटरपंप बसला आणि इंजिन गोठ्यात गेलं. घरच्यांनी आम्हाला ते भंगाराच्या भावाने दिलं, वर चहाही पाजला. जाताना घरातले आजोबा म्हणाले, "आमी त्याले ठोक्या म्हणत होतो." त्या वेळी आम्ही नुसते हसलो. त्या नावाचा अर्थ कळायला पुढे आठ महिने लागले.

आम्ही म्हणजे चौघे. त्यातले एक एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मिस्त्री, आणि आमच्यातला सगळ्यात तरुण अजून इंजिनिअरिंगला आहे. त्याचा बेत पक्का होता. हेडमधल्या वाटा मोठ्या करायच्या, एकाच्या जागी तीन कार्बोरेटर बसवायचे आणि इंजिन असं चालवायचं की ऐकणाऱ्याने मान वळवून बघावं. अमेरिकेत हा मोठा शौक आहे. १९४०च्या दशकाच्या अखेरीला कॅलिफोर्नियात वेन हॉर्निंग नावाच्या माणसाने याच शेव्हरोलेट इंजिनासाठी बारा वाटांचं वेगळं हेड काढलं होतं. सहा वाटा आत जायला, सहा बाहेर यायला, दोन्ही दोन बाजूंना. कोरड्या तळ्यांच्या सपाट मैदानांवर त्या गाड्या पळवत. तेव्हा आमच्या तरुण मित्राचा बेत काही वेडगळ नव्हता.

हेड काढून उलटं ठेवलं तेव्हा मिस्त्रींनी खालच्या बाजूवरून बोट फिरवलं, मधोमध थांबले आणि म्हणाले, "बाप्पा, ह्या हेडाले कोनीतरी पयलेच हात लावला हाय."

कोणी लावला, कधी, आणि काऊन? आमचा पुढचा सगळा उद्योग या तीन प्रश्नांवर झाला.

आधी इंजिनाची ओळख करून घेऊ. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईला शिवडीत गाड्या जोडण्याचा कारखाना सुरू केला. सुटे भाग जहाजाने यायचे आणि इथे गाडी उभी राहायची. त्याच सुमारास शेव्हरोलेटने आपलं चार सिलिंडरचं इंजिन सोडून सहा सिलिंडरचं आणलं. जाहिरातीचा सूर असा की चारच्या किमतीत सहा घ्या. सहाही सिलिंडर एका रांगेत, आणि व्हॉल्व्ह वर हेडमध्ये. त्या काळच्या पुष्कळ स्वस्त गाड्यांत व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्येच असत आणि हेड म्हणजे नुसतं जाडजूड झाकण असे. शेव्हरोलेटचं हेड मात्र कामाचं होतं, कारण हवा आत घेणं आणि धूर बाहेर टाकणं हा सगळा कारभार त्यातूनच चालायचा. अमेरिकेत या इंजिनाला लाडाने 'स्टोव्हबोल्ट' म्हणत, कारण त्याचे काही बोल्ट घरच्या शेगडीच्या बोल्टसारखे दिसत. हे नाव लक्षात ठेवा. वऱ्हाडात या इंजिनाच्या पाठीवर पुढे खरोखरची शेगडी बसली.

आमचं इंजिन १९३७ नंतरच्या पिढीतलं. सिलिंडरचा व्यास साडेतीन इंच, दट्ट्याची धाव पावणेचार इंच, सहा मिळून ३५४८ घनसेंटिमीटर आणि शक्ती सुमारे ८५ अश्वशक्ती. तेव्हाच्या रस्त्यांना एवढं रग्गड होतं. आपल्या जिल्ह्यात त्या वेळी मोठी रेल्वे अशी नव्हतीच म्हणा. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटरची छोटी शकुंतला होती, आणि ती कापसाच्या गाठी नेई ते आपल्या चालीने. बाकी पुसद, उमरखेड, पांढरकवडा हा सगळा मुलूख बैलगाडीचा. तिथे मोटार-लॉरी आली आणि जिनिंग-प्रेसिंगच्या मालकांपासून लग्नाच्या वऱ्हाडापर्यंत सगळे तिच्यावर विसंबायला लागले.

आता या हेडमधली एक गंमत. सिलिंडर सहा आहेत, पण मिश्रण आत घ्यायच्या वाटा तीनच. पहिला-दुसरा एका वाटेवर, तिसरा-चौथा एका, पाचवा-सहावा एका. एका घरात दोन बिऱ्हाडं आणि दार एकच, असा प्रकार. इंजिन पेटण्याचा क्रम १-५-३-६-२-४. कागदावर मांडून बघा. मधल्या जोडीतले तिसरा आणि चौथा बरोबर सारख्या अंतराने श्वास घेतात. कडेच्या जोड्यांचं तसं नाही. दुसऱ्याने श्वास घेतला की शाफ्ट २४० अंश फिरतो न फिरतो तोच पहिला ओढतो, आणि मग ४८० अंश त्या वाटेवर शुकशुकाट. म्हणजे सहाही सिलिंडरना सारखा घास कधीच मिळत नाही. कारखान्याला हे माहीत नव्हतं असं नाही. स्वस्तात ओतकाम व्हावं म्हणून ती तडजोड होती. कॅलिफोर्नियातल्या बारा वाटांच्या हेडने मोडली ती हीच तडजोड.

दुसरी गोष्ट आमच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची. मिश्रण आत नेणारी नळी आणि धूर बाहेर नेणारी नळी या इंजिनात एकाच बाजूला असतात, आणि मधोमध एकमेकींना चिकटवलेल्या असतात. धुराची ऊब मुद्दाम मिश्रणाच्या नळीला दिलेली आहे. पेट्रोल कार्बोरेटरमधून तुषारांच्या रूपात येतं. नळी थंड असेल तर ते भिंतीला चिकटून थेंब-थेंब ओघळतं. थोडी ऊब मिळाली की त्याची वाफ होते. म्हणून तिथे एक झडप आणि तापमानाने वळणारी स्प्रिंगही असते. आमच्या इंजिनात ही ऊब देणारी वाटच बंद केलेली होती. पोलादी पत्र्याचा तुकडा कापून, दोन नळ्यांच्या मध्ये बसवून, कडेने वेल्डिंग मारलेलं. काम ओबडधोबड, पण पक्कं.

आता १९४१ मध्ये जाऊ. युद्ध सुरू होऊन दोन वर्षं झाली होती आणि त्या वर्षी हिंदुस्थानात पेट्रोलचं रेशनिंग आलं. पुढच्याच वर्षी, १९४२ च्या वसंतात, ब्रह्मदेश पडला. माघार घेताना इंग्रजांनी येनानजाँगच्या तेलविहिरी स्वतःच उद्ध्वस्त केल्या. आपल्याकडच्या तेलाचा मोठा भाग ब्रह्मदेशातून येत होता. उरलं आसामातलं दिग्बोई, पंजाबातलं थोडंफार आणि समुद्रावरून येईल ते. जे होतं त्यावर पहिला हक्क लष्कराचा. मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या एखाद्या लॉरीवाल्याचा नंबर यात कितवा लागत असेल, याची कल्पना तुम्हीच करा. कापूस तर वेचून घरात येऊन पडलेला.

यावर जगभर एकच उपाय निघाला होता, कोळशाचा वायू. कोळसा अर्धवट हवेत जाळला की आधी कार्बन डायऑक्साइड होतो. तो लालबुंद कोळशाच्या थरातून पुढे ओढला की कार्बन मोनॉक्साइड होतो, आणि हा जळतो. थोडं पाणी असलं की हायड्रोजनही मिळतो. बाकी निम्म्याहून अधिक नुसता नायट्रोजन, म्हणजे प्रवासाला येणारा फुकटा पाहुणा. गिरण्या-कारखान्यांत असल्या वायूवरची इंजिनं शतकाच्या सुरुवातीपासून होती. फ्रान्समध्ये जॉर्ज आँबेर याने १९२०च्या दशकात ते यंत्र मोटारीवर बसेल एवढं लहान केलं. युद्धकाळात स्वीडनमध्ये ७०,००० च्या आसपास गाड्या लाकूड-कोळशावर धावत होत्या. आपल्याकडेही सरकारने या यंत्रांना उत्तेजन दिलं, आणि गाडीच्या मागे पिंपाएवढी भट्टी लटकलेली लॉरी रस्त्यांवर दिसू लागली. सत्तरी-ऐंशीच्या पुढच्या माणसांशी बोललात तर 'कोळशाची गाडी' हा शब्द त्यांच्या आईबापांच्या तोंडून आलेला असतो.

वर्णनं सगळीकडे सारखी ऐकायला येतात. पहाटे क्लीनरने भट्टी पेटवायची, हाताने पंखा फिरवायचा. दहा-पंधरा मिनिटांनी वायू जळायला लागला की ड्रायव्हरने थोड्याशा पेट्रोलवर इंजिन चालू करायचं आणि हळूहळू वायूवर घ्यायचं. मग दिवसभर ड्रायव्हरचा एक हात स्टिअरिंगवर आणि दुसरा हवेच्या कळीवर, कारण भट्टीतल्या वायूचा गुण घटकेघटकेला बदलतो आणि हवा त्याप्रमाणे कमी-जास्त करावी लागते. घाट आला की उतारूंनी खाली उतरून चालायचं. रात्री राख काढायची, गाळणीचा काथ्या झटकायचा, नळ्या खरवडायच्या. ड्रायव्हरचं नाव गाडीवर रंगवलेलं असे, क्लीनरचं कुठेच नसे. खरं तर कोळशाची गाडी चालायची ती क्लीनरच्या जिवावर.

उतारूंना उतरावं का लागे, याचा हिशोब सोपा आहे. एक घनमीटर पेट्रोल-हवेच्या मिश्रणात सुमारे ३८०० किलोज्यूल ऊर्जा असते. कोळशाच्या वायूच्या मिश्रणात सुमारे २५००. एक तृतीयांश शक्ती इथेच गेली. वर वायू गाळण्यांतून ओढताना होणारी दमछाक धरा, म्हणजे ८५ अश्वशक्तीचं इंजिन पंचेचाळीस-पन्नासवर येतं. गाठींचं ओझं मात्र तेवढंच.

आता मिस्त्री लोकांच्या डोक्याने विचार करा. वायूला ऊब नको आहे. पेट्रोलला वाफ व्हायला ऊब लागते, वायू तर मुळातच वायू. उलट तो तापला की फुगतो. मिश्रण ३० अंशांवरून ९० अंशांवर गेलं की सिलिंडरमध्ये सहावा हिस्सा कमी मावतं. आधीच अर्ध्यावर आलेल्या इंजिनाला हे परवडणारं नव्हतं. म्हणून ऊबेची वाट बंद केली पाहिजे. आमच्या इंजिनातला पोलादी पत्रा हेच सांगतो.

दुसरं, हा वायू पेट्रोलसारखा ठोके देत नाही. पेट्रोलचं इंजिन जास्त दाबलं की खडखडतं, म्हणून त्या काळात दाबाचं प्रमाण साडेसहाच्या आसपास ठेवत. वायूला ते आठ-नऊपर्यंत नेलं तरी चालतं, आणि दाब वाढवला की त्याच घासातून थोडं जास्त काम मिळतं. दाब वाढवायचा सोपा मार्ग कोणता? हेड खालून घासायचं, म्हणजे दट्ट्याच्या डोक्यावरची पोकळी लहान होते. तिसरं, वायू सावकाश जळतो, म्हणून ठिणगी दहा-पंधरा अंश आधी पाडायची. हे तिसरं काम स्क्रू फिरवून होतं, त्याची खूण मागे राहत नाही.

हेड घासल्याची खूण मात्र राहते. नागपूरच्या भंगारबाजारात आम्हाला त्याच ओतकामाच्या नंबराचं दुसरं हेड मिळालं. दोन्ही शेजारी ठेवून मोजली. आमचं अडीच मिलिमीटरने कमी भरलं. वाकलेलं हेड सरळ करायला मिलिमीटरचा दहावा-पाचवा भाग घासला तरी पुरतो. अडीच मिलिमीटर कुणी चुकून घासत नाही. रॉकरच्या खांबांखाली पत्र्याच्या चकत्या घातलेल्या सापडल्या, कारण हेड खाली आलं की पुशरॉड लांब पडतात आणि सगळा अंदाज चुकतो. ज्याने घासलं त्याला पुढचंही कळत होतं.

मिस्त्रींचं बोट थांबलं होतं त्या जागेबद्दल सांगायचं राहिलं. हेडच्या खालच्या बाजूला बारीक, सरळ, एकमेकींना समांतर रेघा आहेत. त्या शेपर मशीनच्या. आणि बरोबर मध्यावर केसाएवढी पायरी आहे, डोळ्यांना दिसत नाही, नखाला लागते. आम्हाला ती कळेना. मिस्त्रींनी सांगितलं, लहान शेपरचं टेबल एवढं लांब सरकतच नाही. अर्धं हेड घासलं, उचललं, सरकवून पुन्हा बांधलं आणि उरलेलं अर्धं घासलं. ती पायरी मग हाताने स्क्रेपर मारून जवळजवळ घालवली. मोठ्या शहरात हे काम मोठ्या मशीनवर एका दमात झालं असतं. एवढं लांब हेड एवढ्या लहान शेपरवर चढवायची पाळी अशा ठिकाणी येते, जिथे दुसरं मशीन नसतं. आमचा अंदाज एखाद्या जिनिंग फॅक्टरीच्या दुरुस्तीखान्याकडे जातो, कारण जिनच्या रोलरसाठी आणि शाफ्टसाठी तिथे लेथ आणि शेपर ठेवावेच लागत.

आता हिशोबाने बघितलं तर यातलं कुठलं काम जास्त उपयोगी पडलं असेल? हेड घासून दाब साडेसहावरून सव्वासातच्या आसपास आला. त्याने शक्ती वाढली असेल चार टक्के. पत्रा लावून नळी थंड केली, त्याने मात्र दहा-पंधरा टक्के सहज. म्हणजे हातभर पत्र्याच्या तुकड्याने जे केलं ते दोन दिवस शेपरवर घाम गाळून झालं नाही. मग हेड का घासलं? आम्हाला वाटतं, चढावर चार टक्केही कुणी सोडत नाही. पण यात एक जुगारही होता. घासलेलं हेड पुन्हा जाड करता येत नाही. पेट्रोल परत आलं तर हे इंजिन त्यावर खडखडणार, हे करणाऱ्याला माहीत असणार. १९४२-४३ मध्ये युद्ध कधी संपेल, कुणी जिंकेल, काहीच दिसत नव्हतं. ज्या मालकाने हेड घासायला दिलं, त्याने पेट्रोल लवकर येत नाही यावर आपली लॉरी लावली.

या सगळ्याची किंमत कोणी दिली, हेही बघायला हवं. कोळशाच्या गाडीच्या गोष्टी गमतीने सांगितल्या जातात. एक लिटर पेट्रोलच्या जागी साधारण दीड किलो कोळसा लागतो. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटर धरा आणि लॉरी लिटरला चार किलोमीटर देते असं धरा. एका खेपेला पन्नास-पंचावन्न किलो कोळसा झाला. मातीच्या भट्टीत पाच-सहा किलो लाकडाचा एक किलो कोळसा होतो. म्हणजे एका बाजूच्या खेपेला पावणेतीन-तीन क्विंटल लाकूड. धावडा, बाभूळ, खैर यांचा कोळसा चांगला, आणि तो आपल्याच रानातून यायचा. मालकाच्या वहीत कोळशाचे पैसे लिहिलेले असतील. रानाचं खातं कुठल्याच वहीत नव्हतं.

आणि कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. इंजिन बंद केलं तरी भट्टी घुमसत राहते आणि वायू सुटत राहतो. युरोपात बंद गॅरेजमध्ये माणसं दगावल्याच्या नोंदी आहेत. थंडीच्या रात्री शेडची दारं लावून भट्टीशेजारी उबेला कोण झोपत असेल? पुन्हा क्लीनरच.

युद्ध संपलं तशा भट्ट्या उतरल्या. लष्कराच्या डिस्पोजलच्या गाड्या लिलावात आल्या, त्यांतही शेव्हरोलेट, फोर्ड, डॉज भरपूर. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर रस्त्यावर एस.टी.ची पहिली गाडी धावली ती बेडफोर्ड. गंमत म्हणजे १९३१ च्या पहिल्या बेडफोर्डचं सहा सिलिंडरचं इंजिनही शेव्हरोलेटच्याच इंजिनावरून घेतलेलं होतं, फक्त त्यात तेल दाबाने फिरवायची सोय केली होती. आपलं शेव्हरोलेट तेलात पळी बुडवून शिंतोडे उडवत असे. वऱ्हाड तेव्हा त्या एस.टी.त नव्हता. आपल्याकडे नागपूरची प्रोव्हिन्शियल ट्रान्सपोर्ट सर्व्हिस होती, ती पुढे राज्याच्या महामंडळात विलीन झाली. १९५४ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीचा कारखाना बंद केला. सरकारचं म्हणणं होतं की नुसत्या गाड्या जोडू नका, इथे बनवा. ते धोरण योग्यच होतं, पण शेव्हरोलेटवाल्यांचे सुटे भाग संपले. काहींनी पेट्रोलचं इंजिन काढून मद्रासच्या सिम्प्सनचं पर्किन्स डिझेल बसवलं. काहींची इंजिनं विहिरीवर गेली.

आमचं विहिरीवर गेलं. आणि इथे 'ठोक्या'चा उलगडा होतो. आजोबांकडे पुन्हा गेलो तेव्हा त्यांनी सांगितलं, चालू पेट्रोलवर करायचं आणि मग रॉकेलवर घ्यायचं. रॉकेलला काय हवं? नळीला भरपूर ऊब आणि हेडमध्ये कमी दाब. या इंजिनात दोन्ही उलटं करून ठेवलेलं. म्हणून ते दिवसभर ठोके देत चालायचं, तीन शेतं पलीकडे ऐकू जायचं. म्हणजे हेडवरचं आणि नळीवरचं काम पंपाच्या काळातलं नाही, त्याआधीचं. आम्हाला हवा होता तो दुवा हा.

पण गोष्ट इथे संपत नाही. हेड काढताना त्याच्याखाली गॅस्केट एक नव्हतं, दोन होती. तांब्या-ॲस्बेस्टॉसची, एकावर एक. तेव्हा आम्हाला तो अडाणीपणा वाटला होता. आता हिशोब केला. दुसऱ्या गॅस्केटच्या जाडीने प्रत्येक सिलिंडरवर नऊ-दहा घनसेंटिमीटर जागा वाढते. घासून जेवढी गेली होती, त्यातली बरीचशी परत आली. ठोके कमी व्हावेत म्हणून कुणीतरी हेड 'परत जाड' केलं होतं. आजोबांना विचारलं तर म्हणाले, "आमच्या बापानं पुसदवरून मिस्त्री आनला होता. त्यानं काईतरी घातलं, मंग जरा बरं चालत होतं. नाव काई याद नाई." हेड घासणाऱ्याचंही नाव माहीत नाही, गॅस्केट घालणाऱ्याचंही नाही. दोघांना एकमेकांचं काम मात्र बरोबर वाचता आलं होतं, हे लोखंडावर स्पष्ट दिसतं.

आमचे मिस्त्री या सगळ्यावर एकदाच बोलले, आणि ते टाटाच्या गाड्यांबद्दल. १९५४ पासून जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज बनू लागल्या, तेही सहा सिलिंडर एका रांगेत. सुरुवातीच्या डिझेलमध्ये हेडच्या आत एक छोटी वेगळी खोली असे, ठिणगी नाही पण डिझेल आधी तिथे पेटे. पुढे ६९२ आलं, तेव्हा ती खोली हेडमधून गेली आणि दट्ट्याच्या माथ्यावर वाटी आली. मग ६९७. नावातच सगळं आहे, सहा सिलिंडर, व्यास ९२ मिलिमीटर, मग ९७. त्यावर टर्बो चढला, आणि टर्बोने तापलेली हवा आत जायच्या आधी थंड करणारा कूलर आला. वर्कशॉपमध्ये पहिल्यांदा तो कूलर बघितला तेव्हा नव्या पोरांना तो का लावलाय हे शिकवावं लागलं, असं त्यांनी सांगितलं. मग आमच्या नळीतल्या पत्र्यावर टिचकी मारून म्हणाले, "ह्याले कोनी शिकवलं नवतं."

आता आमच्या घरातलं भांडण. इंजिन पुन्हा बसवायचं ठरलंय, पट्ट्याऐवजी स्टँडवर, शाळेच्या पोरांना चालू करून दाखवता येईल असं. तरुण मित्राचे तीन कार्बोरेटर त्याने स्वतःच सोडून दिले. वितळवून ओतलेली बेअरिंगं आणि शिंतोड्यांचं तेल यांना ती धाव सोसणार नाही, हे त्याला पटलं. पण त्याने नवा मुद्दा काढलाय. नागपूरचं न घासलेलं हेड बसवलं तर इंजिन कंपनीतून आलं तसं होईल. आमचं हेड एका गॅस्केटवर बसवलं तर ते युद्धातलं होईल, आणि मग त्याच्या मागे भट्टीही बांधावी लागेल, उघड्यावर. दोन गॅस्केटवर बसवलं तर ते विहिरीवरचं ठोक्या होईल. आजोबांचं मत दोन गॅस्केटचं आहे. मिस्त्रींचं एक. आमच्यापैकी चौथ्याने अजून मत दिलेलं नाही, आणि तो आज तुमच्यातच बसलाय.

चहानंतर कापड काढतो. हेडला हात लावून बघायला हरकत नाही. मधल्या पायरीवर नख फिरवा, डावीकडून उजवीकडे. कडा धारदार आहेत तेवढं सांभाळा, आणि हात काळे होतील, पुसायला चिंध्या ठेवल्या आहेत.